रांगेच्या टोकाची बाई

मधुसूदनराव, म्हणजे आमचे मधुभाऊ, हे पुसदच्या आमच्या कॉलनीतले सगळ्यात स्वच्छ गृहस्थ. आता स्वच्छ आपण सगळेच असतो, पण अंगणात बदामाचं पान पडलं की ते जमिनीला टेकायच्या आत उचलावं असं कुणाला वाटतं? मधुभाऊंना वाटतं. त्यांच्या स्कूटरच्या आरशात बघून मी कित्येकदा भांग पाडला आहे. माझ्या घरातल्या आरशात तेवढं नीट दिसत नाही.

जन्मभर त्यांनी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले. जुना गावनकाशा विटला, फाटला, की त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने नवा उतरवायचा. शिवारं, पांदणी, नाले, विहिरी. शाईचा थेंब सांडला तर ब्लेडच्या टोकाने असा खरवडायचा की खुद्द कागदालाही कळता कामा नये. "मोठे डाग आधी, बारीक मागून," हा त्यांचा नियम त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला आहे की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

निवृत्त झाल्यावर बाकीच्यांना गुडघे त्रास देतात, यांना बोटांनी दिला. बोटांना काम उरलं नाही. दुपारी पोर्चमधल्या आरामखुर्चीत डोळे अर्धवट मिटून पडलेले असायचे आणि उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर सावकाश चाललेलं असायचं. एकदा मी विचारलं, "काय काढून राह्यले, भाऊ?" तर डोळे न उघडता म्हणाले, "काही नाही जी. फुलसावंगीचा नाला." मग त्या नाल्याचं वळण पुरं होईस्तोवर मी गप्प उभा राहिलो. अशा माणसाची झोपमोड करायचं पाप कोण घेईल?

या बोटांना काम लावून दिलं ते रत्नप्रभावहिनींनी. वहिनींचा मोबाइलवर हात बसलेला. सकाळच्या चहाआधी गुलाब, समई आणि एखादा सुविचार एकत्र जुळवून त्या अख्ख्या नात्यागोत्याला शुभ सकाळ करून मोकळ्या होत. त्यांनीच नवऱ्याला शिकवायला घेतलं. फोटो कापायचा कसा, उजेड वाढवायचा कसा, अल्बम करून दुसऱ्याला दाखवायचा कसा. नवरा-बायकोतली ही शिकवणी आम्ही कुंपणाच्या अलीकडून ऐकत होतो आणि नाटकाचे पैसे वाचवत होतो. पहिल्या आठवड्यात मधुभाऊंनी साडूची मान उडवली आणि स्वतःच्या डाव्या पायाचा फोटो पेन्शनरांच्या ग्रुपवर पाठवला. त्याखाली सगळ्या पेन्शनरांनी हात जोडले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मधुभाऊ विचारत होते, "आता ह्या नमस्काराले उत्तर काय द्याव लागते?"

मग एका दुपारी वहिनींनी त्यांना डाग काढायचा ब्रश दाखवला. फोटो मोठा करायचा, डागावर बोट फिरवायचं, बोट उचललं की डाग नाही. मधुभाऊंनी एक डाग काढला. दुसरा काढला. मग मोबाइल मांडीवर ठेवून ते बराच वेळ समोरच्या शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिले. ब्लेड नाही, खरवडणं नाही, फुंकर नाही. देवाने एवढी उशिरा ही विद्या का दिली, असा काहीसा भाव त्यांच्या तोंडावर होता.

तेव्हापासून कॉलनीतल्या जुन्या फोटोंना बरे दिवस आले. कुणाचे आजोबा, कुणाचं बारसं, कुणाचं शाळेतलं स्नेहसंमेलन, सगळं मधुभाऊंच्या मोबाइलवर येऊन पडायला लागलं आणि स्वच्छ होऊन 'जुनी माणसं' नावाच्या अल्बमात जाऊन बसायला लागलं. एक बटन मात्र त्यांनी सोडून दिलं. ते चेहरा स्पष्ट करणारं. ते दाबलं की धूसर चेहऱ्यावर ठसठशीत डोळे येतात, पण सगळ्यांना एकच डोळे. त्या बटनाने आमच्या गल्लीतल्या चार घरच्या चार आजेसासवा सख्ख्या बहिणी करून टाकल्या होत्या. मधुभाऊ म्हणाले, "ज्याची मोजणीच झाली नाही ते आपल्या मनानं काढाचं नसते." त्यावर वहिनी पुटपुटल्या, "कचेरी सुटली, पण कचेरीनं यांले सोडलं नाही."

हे सगळं मजेत चाललं होतं. पण कुणाला वाटेल की रिकामपणचा छंद, तर तसं नव्हतं. मधुभाऊ दुसऱ्यांच्या माणसांवर हात साफ करत होते, आणि त्यांच्या मनात एकच माणूस होतं.

मधुभाऊंना आई आठवत नाही. ते वर्षाचे व्हायच्या आतच ती गेली. थोरली बहीण विमलताई तेव्हा परकरात होती, तिनेच त्यांना कडेवर वाढवलं. पुढे लग्न होऊन ती फुलसावंगीला आली तीही भावाला बोटाशी धरूनच. "लोकं आंदणात भांडे आणतात, म्या भाऊ आणला," असं ताई अजून सगळ्यांना सांगते. घरात आईचा फोटो नव्हता. आई होती ती ताईच्या बोलण्यात. आणि आता ताई ऐंशीला आलेली, नजर मंद झालेली, बोलता बोलता धागा सुटायला लागलेला. आईला पाहिलेलं दुसरं कुणी जगात उरलेलं नाही.

मधुभाऊंना लहानपणापासून एक स्वप्न पडतं. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, आणि तेही दुसऱ्याचं असल्यासारखं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत, बोंडं फुटून पांढरं झालेलं. दोन ओळींमधल्या तासातून एक बाई पुढे चाललेली, हे मागे. पावलाचा आवाज नाही, वारा नाही. हे हाक मारू बघतात, पण काय म्हणून मारायची ते येत नाही. तरी ती थांबते, वळते, आणि चेहऱ्याच्या जागी काही नसतं. "भेसूर नाही बरं," मधुभाऊ म्हणाले. "नुसतं कोरं. नकाशात मोजणी न झालेली जागा आपण सोडून देतो ना, तसं." 

दिवाळीनंतर केळापूरहून त्यांच्या मामेभावाचा मुलगा पियूष याने घराण्याच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मामांच्या लग्नातला. मंडपाबाहेर सगळं वऱ्हाड बसवून काढलेला. त्याने खाली लिहिलं होतं, 'खाली बसलेल्या बायकांच्या रांगेत टोकाला आहे ती मधुकाकांची आई. आजोबा बोट ठेवून दाखवायचे.'

फोटोची दशा काय सांगू! काचेला चिकटलेला, पावसाळ्यांनी फुगवलेला, वरून खाली पाण्याचे ओघळ, कडा झुरळांनी खाल्लेल्या आणि सगळीकडे बुरशीचे ठिपके. त्यात रांगेच्या टोकाला एक बाई, चेहरा तुरीच्या डाळीएवढा. मधुभाऊंनी दोन बोटांनी तो मोठा केला. मोठा केला तसा तो विरत गेला. छोटा केला, पुन्हा मोठा केला. वहिनी म्हणाल्या, "चेहरा स्पष्ट कराचं बटन दाबा ना, एवढ्या वेळेपुरतं." मधुभाऊंनी मान हलवली. "थे कोणाचेबी डोळे बसवून देईन. मले तिचे पाह्यजे."

मग त्या दुपारी सुरू झाल्या. थंडीचं कोवळं ऊन पोर्चमध्ये लांबपर्यंत आत येतं आमच्याकडे. त्या उन्हात मधुभाऊ बसलेले, मोबाइलवर पाण्याचा थेंब ठेवावा तसं बोट ठेवत. मी गेलो की डोळ्याने खुर्ची दाखवायचे, बोलायचे नाहीत. मीही बोलत नसे. कुठेतरी कुणाच्या गच्चीवर पापड वाळत, शेवग्याची फुलं हलके हलके अंगणात उतरत, आणि पहिल्यांदाच ती पडू देत मधुभाऊ उठत नसत. आधी मोठे डाग गेले. मग ओघळ. मग चेहऱ्यावरचे ठिपके, एकेक करून, श्वास धरून. मला कधी कधी वाटायचं, हा माणूस फोटो पुसत नाहीये, अंधारात एखादं दार चाचपतो आहे. कधी डोळा लागायचा माझा, आणि जागा झालो तरी ते तसेच.

एके दिवशी त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. डोक्यावरून पदर घेतलेली तरुण बाई. नितळ कपाळ, नितळ गाल, नजर जरा खाली. फोटोत एक डाग नव्हता. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. मधुभाऊंनी तो अल्बमात टाकला आणि खाली नाव लिहिलं. तो दोन अक्षरी शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. ठेच लागली तरी वापरतो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने तो पहिल्यांदा स्वतःसाठी लिहिला, आणि लिहिल्यावर ते उठून आत गेले.

संध्याकाळी फुलसावंगीहून फोन आला. विमलताईची सून दीपमाला. तिच्याच मोबाइलवर ताई फोटो बघते.

"मामाजी, आत्याबाईले दाखवला फोटो. लय मोठा करून दाखवला." दीपमाला अडखळली. "थ्या म्हणते, ही कोण बाई होय? म्हणते, हे माही माय नोहे."

मधुभाऊंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला आधी त्या पियूषचा राग आला, मग त्या मेलेल्या मामाचा, मग ताईच्या मोतीबिंदूचा. कुणावर तरी काढायचा होता. मधुभाऊ मात्र रागावले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "मंग म्या इतके दिस कोणाचं तोंड पाह्यत बसलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माझी गाडी काढली आणि दोघांना घेऊन फुलसावंगीला निघालो. महागावच्या रस्त्याला धुकं होतं. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी, धुक्यात पांढरं कुठे कापूस आहे आणि कुठे नुसतं धुकं, ते कळत नव्हतं. मधेच एखादी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन त्यातून निघायची आणि पुन्हा त्यातच जायची. मधुभाऊ काच खाली करून प्रत्येकीकडे बघत होते. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "सर्दी होईन." त्यांनी काच वर केली नाही. थोड्या वेळाने मला म्हणाले, "थे माय नसंनच तं काय करता? राह्यलं मंग. आता सांगाले आहे कोण?"  मी गाडी चालवत राहिलो.

विमलताई अंगणात उन्हात बाजेवर बसली होती. दीपमालाने उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या. आम्ही मुकाट शेंगा सोलत बसलो, कारण सुरुवात कुणी करायची हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी ताईच म्हणाली, "आण इकडे. अन् धुतलेला नको दाखवू. जसा आला तसा दाखव."

मधुभाऊंनी केळापूरहून आलेला मूळ फोटो काढला, त्या बाईचा चेहरा मोठा केला आणि मोबाइल ताईच्या हातात दिला. ताईने तो ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. दूर केला. पुन्हा जवळ नेला. मग तिने एक वाळलेलं बोट त्या चेहऱ्याच्या हनुवटीवर टेकवलं.

"हे काय होय?"

"बुरशी होय, ताई. साऱ्या फोटोवर हाये."

"बुरशी तुह्या डोक्यात!" ताई एवढ्या जोरात बोलली की दीपमाला चुलीपासून उठून आली. "गोंदण होय थे! मायचं गोंदण! हनुवटीवर, गालावर, अन् हे कपाळात. केळापूरच्या जत्रेत गोंदलं होतं तिनं. म्या लहानपनी बोट ठेवून ठेवून मोजत होती, अन् तू पुसून टाकलं?"

 मधुभाऊंना कसं ठाऊक असणार? आईचा चेहराच ज्याने पाहिला नाही, त्याला त्या चेहऱ्यावर काय होतं ते कोण सांगणार? ताईलाही कधी सांगावंसं वाटलं नाही. आईला गोंदण होतं हे काय सांगायचं असतं?

ताईचा राग ओसरला आणि आवाज खाली आला. "माय म्हणे, माणूस जाते तं अंगावरचं सोनं-नाणं अथीच उतरवून घेतात. गोंदण तेवढं संगं येते. तथी गेल्यावर म्या तिले कशावरून ओळखीन रे? चेहरा तं मलेबी आता धड आठवत नाही. मले थे ठिपकेच आठवते."

वहिनींनी डोळे पुसले. मधुभाऊंनी ताईशेजारी बाजेवर जागा करून घेतली आणि आपला साफ केलेला फोटो उघडला. त्या अॅपमध्ये आपण केलेला प्रत्येक बदल पायरीपायरीने राखलेला असतो. डावीकडे वळलेला एक बाण आहे, तो दाबला की शेवटचा बदल आधी मागे जातो, मग त्याच्या आधीचा. मधुभाऊंनी बाण दाबला. नितळ गालावर एक ठिपका उमटला.

"हा तिचा," ताई म्हणाली.

पुन्हा बाण.

"हा नोहे. हा झुरळाचा."

पुन्हा.

"हा तिचा. हा बी. थांब, थांब. हं. हा कपाळातला."

म्हातारी बहीण आणि म्हातारा भाऊ डोक्याला डोकं लावून बसले होते, आणि तो गोरागोमटा परका चेहरा हळूहळू उन्हातला, रानातला, कुणाच्या तरी घरचा होत होता. डोळे तसेच धूसर, ओठ तसेच अंधुक, पण आता ते धूसर असल्याचं वाईट वाटत नव्हतं. मीसुद्धा उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. हनुवटीवरचा शेवटचा ठिपका आला तेव्हा ताईने मोबाइल छातीशी धरला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "आता हे माही माय."

मधुभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. मी शेंगांच्या टोपल्याकडे बघितलं. पुरुषाला रडताना बघायची आमची सवय नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ताई अजून बघत होती. तिने चुकून बोट सरकवलं असेल, फोटो वर गेला आणि चेहऱ्याऐवजी आईची मांडी पुढे आली. ताईने कपाळाला आठ्या घातल्या.

"मधू, हिचे हात असे काहून हाये?"

आम्ही पाहिलं. बाकीच्या बायकांचे हात गुडघ्यांवर सरळ ठेवलेले होते. आईचे दोन्ही हात मांडीवर वाकवून, एकमेकांकडे वळवून धरलेले होते. त्या हातांच्या मधे लुगड्याचं स्वच्छ निऱ्यांचं कापड. हात रिकामेच असे धरून कोण बसतं?

"थ्या जागी मोठा डाग होता, ताई," मधुभाऊ म्हणाले. "पांढरा, फिसकटलेला. पाणी पडलं असन. सगळ्यात पह्यले म्या थोच काढला."

"माघं घे."

"ताई, मंग सारी घाण परत येईन."

"येऊ दे. माघं घे म्हणतो ना!"

मधुभाऊ बाण दाबत गेले. उरलेले ठिपके परत आले, पाण्याचे ओघळ परत आले, खाल्लेल्या कडा परत आल्या. इतक्या दुपारींची मेहनत एकेका बोटासरशी निघून चालली होती आणि ते दाबत होते. शेवटी बाण थांबला. दाबला तरी पुढे जाईना. आईच्या दोन हातांच्या मधे पांढरा, पसरट, कापूस विस्कटल्यासारखा डाग येऊन बसला होता.

विमलताई हसली. तिच्या तोंडात दात थोडेच आहेत, पण ती लहान पोरीसारखी हसली.

"थो डाग नोहे, राजा. थो तू होय."

मधुभाऊंनी तो डाग दोन बोटांनी मोठा केला.

"म्या होती ना तथी. फोटोवाला म्हणे, कोणी हालू नका. सारे गोट्यासारखे बसले. तू कायचा बसतं! टोपडं ओढून राह्यला, पाय झाडून राह्यला, पुरा लोळत होता तिच्या मांडीवर. फोटोवाला वैतागला. म्हणे, या पोराच्यानं फोटो खराब होईन, याले द्या कोणाजवळ. बाजूच्या बाईनं हात बी पुढं केले तुले घ्याले."

मधुभाऊंचं बोट त्या पांढऱ्या डागावर जाऊन थांबलं होतं. 

"मंग? देल्लं तिनं मले?"

"देते काय!" ताई म्हणाली. "फोटो निंगेपर्यंत दोनी हातानं धरून बसली. पाह्य ना."